उपकेंद्रावरच्या सिस्टरला आपत्तीसाठी तयार करायचंय? खान्देशातल्या नव्या प्रशिक्षकांसाठी

आरोग्य सहाय्यिका झाले त्या पहिल्याच उन्हाळ्यात तालुक्यातल्या आरोग्य सेविकांचं आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घ्यायची जबाबदारी माझ्यावर आली. स्लाइड वरून तयार आलेल्या होत्या. त्यात चक्रीवादळ होतं, त्सुनामी होती, भूकंपाच्या लहरी होत्या. मी दिवसभर त्या वाचून दाखवल्या. चहाच्या वेळी सातपुड्याच्या पायथ्याच्या उपकेंद्रावरची एक सिस्टर जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, नाल्याला पूर आला की पलीकडच्या पाड्यावरची बाई मी कशी आणायची, तेवढं सांगा ना." मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी घरी जाताना तोच प्रश्न डोक्यात होता.

त्यानंतर बरीच प्रशिक्षणं घेतली, बऱ्याच गोष्टी चुकून शिकले. तुम्ही नव्याने आरोग्य सहाय्यिका, सार्वजनिक आरोग्य परिचारिका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी झाला असाल, किंवा नर्सिंग कॉलेजात ट्यूटर असाल आणि हे काम तुमच्याकडे आलं असेल, तर खालची वाट धरा. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. प्रशिक्षण स्लाइडपासून सुरू करू नका. त्या सिस्टरच्या गावाच्या नकाशापासून आणि तिच्या स्वतःच्या रजिस्टरपासून सुरू करा.

१. आपल्या भागात काय काय घडतं, ते आधी लिहून काढा

खान्देश एकच म्हटला तरी भुसावळच्या सिस्टरपुढचं संकट वेगळं आणि धडगावच्या सिस्टरपुढचं वेगळं. तापीकाठच्या गावांचं लक्ष पावसाळाभर हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांकडे असतं. वर पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस झाला, तर इथे आभाळ कोरडं असतानाही पाणी सोडावं लागतं, त्यामुळे "आपल्याकडे तर पाऊसच नाही" म्हणून गाफील राहणारं गाव फसतं. चाळीसगावात ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी रातोरात वस्तीत शिरलं आणि त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. म्हणजे पूर आणि रुग्ण मोठ्या दवाखान्यात न्यायचा रस्ता बंद, दोन्ही एकाच रात्री. धुळ्याला पांझरा नदीची भीती असते. नंदुरबारच्या वरच्या अंगाला नर्मदेच्या फुगवट्याकाठी (धरणामुळे मागे तुंबलेल्या पाण्याकाठी) होडी हाच रस्ता आहे. २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात भूषाजवळ भाविकांची होडी उलटली आणि त्यात लहान मुलंही गेली.

माणसाच्या हातून घडणाऱ्या आपत्ती वेगळ्याच. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या केमिकल कारखान्यात स्फोट झाला. २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनजवळ आगीच्या अफवेने प्रवासी गाडीतून रुळांवर उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या गाडीखाली सापडले. अशा वेळी जवळच्या गावातली नर्सबाई बऱ्याचदा ॲम्ब्युलन्सच्याही आधी पोचते.

आणि ऊन. ते दरवर्षी येतं, गाजावाजा न करता माणसं नेतं आणि पंचनाम्यात "चक्कर येऊन पडला" एवढंच उरतं. जळगाव-भुसावळ पट्ट्यात प्रशिक्षण घेणार असाल तर सर्वांत जास्त वेळ उन्हालाच द्या.

बॅच ठरली की प्रत्येकीला आधीच फोन करून सांगा: गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना विचारून या, पाणी कुठवर आलं होतं, कोणत्या साली आलं होतं, तेव्हा लोक कुठे जाऊन राहिले होते. ही माहिती कोणत्याही आराखड्यात नसते.

२. तारखा धरताना

वर्षातून एकदा दोन दिवसांचं एकच मोठं प्रशिक्षण घेतलं की ऑगस्टपर्यंत मेमधलं विसरलेलं असतं. मी तीन छोटे तुकडे करते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऊन, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पूर आणि साथरोग, दिवाळीनंतर मोठा अपघात आणि जखमींची वर्गवारी. प्रत्येक तुकडा एका दिवसाचा.

एका बॅचमध्ये २५ च्या वर बायका घेऊ नका. एकाच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सगळ्या सेविका एकाच दिवशी बोलावू नका, नाहीतर त्या दिवशी सगळी उपकेंद्रं ओस पडतात. लसीकरणाचा दिवस, पोलिओची मोहीम, महिनाअखेरचे रिपोर्ट आणि मासिक सभा टाळून तारीख धरा. आशाताई आणि गटप्रवर्तक यांना निदान अर्धा दिवस तरी बोलवाच. आपत्तीत सिस्टरचा उजवा हात त्याच असतात. नंदुरबारकडे पाडा स्वयंसेवकही घ्या.

३. कागद आणि सामान

यात वेळ घालवायचा नाही, पण एखादा कागद राहिला की दिवस फुकट जातो, म्हणून यादी देते.

कागद:
- तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र, त्यात कोण कोणत्या तारखेला येणार आणि तिच्या उपकेंद्रावर त्या दिवशी कोण बसणार, हे दोन्ही लिहिलेलं
- जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन शाखेकडून जिल्ह्याच्या आराखड्याची प्रत (२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, तेव्हा हा आराखडा तिथेच मिळतो)
- तहसीलमधून पूरप्रवण गावांची आणि निवाऱ्यासाठी ठरवलेल्या शाळांची, समाजमंदिरांची यादी
- आरोग्य केंद्राची पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांची यादी
- हजेरीपट आणि प्रवासभत्त्याचे फॉर्म, तेही त्याच दिवशी भरून घ्या

प्रत्येकीने सोबत आणायचं: गरोदर मातांचं रजिस्टर, बालकांचं रजिस्टर, बीपी-शुगरच्या रुग्णांची यादी आणि तिची रोजची पिशवी, जशी असेल तशी.

तुम्ही न्यायचं: रंगीत खडू, रांगोळी, मूठभर चिंचोके, वाटीभर मका, लाल, पिवळ्या, हिरव्या आणि काळ्या ब्लाउजपीसच्या पट्ट्या, डिजिटल थर्मामीटर, मोठं टारपॉलिन, दोन जुन्या चादरी, ओआरएस, टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर), क्लोरीन तपासायचं ओटीचं द्रावण, सेकंदकाटा असलेलं घड्याळ. प्रोजेक्टर मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी काही अडत नाही.

एक अडचण हमखास येते. मागच्या वर्षीचा आराखडा हातात पडतो आणि त्यातले निम्मे फोन नंबर बदललेले असतात. आदल्या दिवशी बसून प्रत्येक नंबरवर स्वतः फोन लावून बघा. मी एकदा तसं केलं नाही. सरावाच्या वेळी सिस्टरने लावलेला फोन चार वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या घरी लागला.

४. जमिनीवर नकाशा काढा

सकाळचे पहिले दोन तास याचेच. प्रत्येकीने आपल्या उपकेंद्राची गावं रांगोळीने जमिनीवर काढायची. नदी, नाला, फरशी पूल (पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल), शाळा, उपकेंद्र, उंचवटा, टॉवर, विहिरी, हातपंप. मग रजिस्टर उघडायचं आणि जिथे गरोदर बाई राहते तिथे चिंचोका ठेवायचा. मक्याचा दाणा म्हणजे कमी वजनाचं किंवा अतितीव्र कुपोषित बाळ. खडूची फुली म्हणजे ज्याचं औषध एक दिवसही चुकून चालत नाही असा रुग्ण: इन्सुलिन, क्षयरोग, फिट्स, मानसिक आजार, डायलिसिस. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण वेगळ्या खुणेने दाखवा.

हे झालं की मी निळा खडू घेते आणि काही न बोलता नाल्याची रेघ जाड करत जाते, फरशी पूल पुसून टाकते. मग विचारते, "ताई, तुम्ही आता कुठे आहात?" मागे एकीने स्वतःचं बोट उपकेंद्रावर ठेवलं आणि पलीकडचे चिंचोके मोजले. चार होते. तिने रजिस्टर चाळलं, एकीची तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली निघाली, दुसरीचं आधीचं सिझर होतं. बराच वेळ ती त्या दोन चिंचोक्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "या दोघींना जूनच्या शेवटालाच इकडे आणावं लागेल." मला पहिल्या वर्षी देता न आलेलं उत्तर तिने स्वतःच शोधलं होतं. पूर आल्यावर बाई आणायची वेळच येऊ द्यायची नाही, तिला पाण्याच्या आधी इकडे आणून ठेवायचं.

आदिवासी भागात त्यासाठी माहेरघराची सोय आहे. आरोग्य केंद्राच्या आवारात बाळंतपणाच्या आधी काही दिवस येऊन राहता येतं, सोबत लहान मूल आणि एक नातेवाईकही राहू शकतो. तरी बायका येत नाहीत, कारण घरी म्हैस असते, लावणी असते, सासू "आमच्या वेळी..." म्हणते. तेव्हा घरच्यांशी बोलायचं काम मेमध्येच सुरू करायला सांगा आणि बोलताना पावरी किंवा भिली येणारी आशा सोबत घ्यायला सांगा. मराठीत दिलेली सूचना तिथे निम्मीच पोचते.

नकाशा पुसण्याआधी त्यावरून एका पानाची यादी करून घ्या. नाव, पाडा, काय जोखीम, कोणाला निरोप द्यायचा, कुठे हलवायचं. पेनाने, कागदावर. दोन प्रती, एक आशाकडे आणि एक सिस्टरच्या पिशवीत प्लास्टिकच्या पिशवीत घालून. "मोबाइलमध्ये आहे मॅडम" हे ऐकून घेऊ नका. पुरात आधी वीज जाते, मग चार्जिंग, मग टॉवर.

५. ऊन: आधी थंड करा, मग हलवा

मैदानी भागात हवामान खातं साधारणपणे तापमान ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं, किंवा थेट ४५ ला पोचलं, की उष्णतेची लाट धरतं. ४७ ला तीव्र लाट. हे आकडे सिस्टरला पाठ हवेत असं नाही. तिला माहीत हवं की तिच्या गावात दुपारी उन्हात कोण असतं. रावेर-यावलकडे मेमध्ये केळीचे घड डोक्यावर वाहणारे मजूर, वीटभट्टीवरची कुटुंबं, मेच्या शेवटी ठिबकवर कापूस लावणाऱ्या बायका, लग्नाच्या वरातीत भर दुपारी नाचणारी पोरं, आणि पत्र्याच्या घरात एकटी पडलेली म्हातारी. ही शेवटची मी मुद्दाम सांगते, कारण ती उन्हात गेलेलीच नसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

दोन अवस्था वेगळ्या ओळखायला शिकवा. घाम येतोय, मळमळ, पायात गोळे, डोकं दुखतंय, पण माणूस नीट बोलतोय: सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओआरएस घोट घोट पाजा. दुसरी अवस्था म्हणजे अंगाचा ताप ४० अंशांच्या (१०४ फॅरनहाइटच्या) वर आणि माणूस असंबद्ध बोलतोय, झटके येतायत किंवा शुद्ध हरपलीय. हा उष्माघात. कातडी कोरडी असेलच असं नाही. कष्टाचं काम करताना पडलेल्या माणसाला घाम सुटलेला असू शकतो, आणि "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" या समजुतीने घात होतो.

उष्माघातात तिथल्या तिथे थंड करायचं, गाडीची वाट बघत बसायचं नाही. १०८ ला फोन लावा आणि त्याच वेळी काम सुरू करा. हे हातांनी करून घ्या: टारपॉलिनच्या चार कडा चौघींनी उचलून धरायच्या, मधे माणूस झोपवायचा, वर गार पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओतायचा आणि टारपॉलिन हलवत राहायचं. बर्फ नसेल तर विहिरीचं पाणी चालतं. टारपॉलिन नसेल तर ओली चादर पांघरून जोरात वारा घाला, मान, काखा आणि जांघेत गार पट्ट्या ठेवा. ताप ३९ च्या खाली आला की थांबा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉल देऊ नका, या तापावर त्याचा उपयोग होत नाही.

माझ्या बॅचमध्ये टारपॉलिनचा सराव केलेल्या एका आशाताईने पुढच्याच मेमध्ये वीटभट्टीवरच्या एका मजुराला भट्टीच्याच पाण्याने भिजवलं. तो पडला तेव्हा लोकांनी त्याला कांदा हुंगवला होता आणि घोंगडी पांघरली होती. पहिलं काम तिने घोंगडी ओढून काढायचं केलं.

६. पूर: पाणी उतरल्यावरचं काम जास्त

पुराच्या पहिल्या दिवशी सगळे मदतीला धावतात. तिसऱ्या दिवसापासून जुलाब सुरू होतात, तेव्हा सिस्टर एकटी असते. म्हणून या सत्राचा अर्धा वेळ पाण्यावर द्या.

टीसीएल पावडर गावात असतेच, पण ती कशी ठेवलेली असते ते पाहा. ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत, पोतं उघडं, मार्चपासून. उन्हाने आणि दमटपणाने त्यातला क्लोरीन उडून जातो आणि ऐन जुलैत ती पांढरी माती झालेली असते. बंद डब्यात, सावलीत, कोरड्या जागी ठेवायला सांगा आणि पावसाळ्याआधी नमुना तपासणीला पाठवून घ्या. विहिरीत पावडर तशीच फेकली की गोळे तळाशी जातात. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, निवळू द्यायची, चुना खाली बसला की वरचं पाणी विहिरीत सोडायचं. एक तासाने ओटी चाचणी घ्यायची. लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन दिसला पाहिजे. पुरानंतर विहिरीइतकीच ही चाचणी शेवटच्या नळावर आणि निवाऱ्यातल्या टाकीवर घ्या. जलसुरक्षकाला (गावचं पाणी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला) सोबत बोलावून हा सराव करून घेतला तर उत्तम.

ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, ते चोवीस तासांत संपवायचं. मुलांना झिंक १४ दिवस: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला (दोन महिन्यांपुढे) १० मिलिग्रॅम, त्यावर २०. हे तुम्हा सगळ्यांना येतं, पण निवाऱ्यात अंधारात, पन्नास बायकांच्या गर्दीत मोजमाप चुकतं. एक लिटरचं माप म्हणून प्रत्येकीने पाण्याची एक रिकामी बाटली पिशवीत ठेवावी.

पुरानंतर साप घरात शिरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्याकडे आहेत. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, धीर द्यायचा, उचलून न्यायचं. आवळून दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. तुमच्या तालुक्यात सर्पदंशावरची लस कोणत्या केंद्रात आहे आणि पूल बंद असेल तर दुसरं कोणतं, ही दोन नावं प्रत्येकीकडून लिहून घ्या. भगताकडे नेतीलच, हे गृहीत धरा. भगताशी भांडण काढू नका. "तुम्ही मंत्र म्हणा बाबा, पण गाडीत बसून म्हणा," असं सांगून मी दोन माणसं दवाखान्यात पोचवली आहेत.

पुराच्या पाण्यात चाललेल्यांना ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) संशय धरून लगेच कळवायचं. डॉक्सीसायक्लिन वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सूचनेनेच द्या, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना सरसकट वाटू नका.

निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी, दिवा असलेली मोरी आहे का, सॅनिटरी पॅड आहेत का, हे सिस्टरनेच विचारायचं. दुसरं कोणी विचारत नाही.

७. जखमी खूप, हात थोडे

हा सराव शाळेच्या मैदानावर घ्या. वीस जणी झोपतील, प्रत्येकीच्या हातात एक चिठ्ठी: श्वास किती, नाडी लागते का, सांगितलेलं कळतं का. दोन सिस्टरांनी त्यांच्यात फिरून प्रत्येकीला रंगाची पट्टी बांधायची. एकीला तीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ नाही.

क्रम असा. "ज्यांना चालता येतं ते त्या लिंबाच्या झाडाखाली या" असं मोठ्याने ओरडायचं. जे गेले ते हिरवे. उरलेल्यांपैकी श्वास नाही, मान सरळ करून श्वासमार्ग मोकळा केला तरी नाही, तर काळी पट्टी. मोकळा केल्यावर श्वास सुरू झाला तर लाल. श्वास मिनिटाला ३० च्या वर, लाल. नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात किंवा मनगटाची नाडी लागत नाही, लाल. "माझा हात दाबा" म्हटलं तर दाबत नाही, लाल. या सगळ्यातून सुटलेला पिवळा. लहान मुलाचा नियम वेगळा: श्वास नाही पण नाडी लागते, तर आधी पाच श्वास द्यायचे, मग ठरवायचं.

मी एका मुलीला मुद्दाम शिकवून ठेवते, पायाला खरचटलंय पण बोंब मारायची. आणि एकीला झाडामागे गप्प झोपवते, चिठ्ठीवर श्वास ३६. पहिल्या फेरीत बहुतेक सिस्टर ओरडणाऱ्या मुलीजवळ बसतात, तिची जखम पुसतात, पट्टी बांधतात आणि झाडामागची राहून जाते. त्यावर रागावू नका. आयुष्यभर तिने रडणाऱ्याला आधी जवळ घ्यायचं शिकलेलं असतं आणि ते चांगलंच आहे. दुसरी फेरी घ्या, मग तिसरी. तिसऱ्या फेरीत हात आपोआप पुढे सरकतात.

वर्गवारी करताना उपचार फक्त तीन: श्वासमार्ग मोकळा करणं, वाहतं रक्त दाबून धरणं, बेशुद्धाला कुशीवर वळवणं. बाकी सगळं नंतर.

काळ्या पट्टीवर थोडं थांबा. ती बांधताना बायका रडतात, काही जणी बांधायलाच नकार देतात. तो माणूस टाकून दिला असा त्याचा अर्थ नाही, हात मोकळे झाले की पुन्हा त्याच्याकडे यायचं असतं, हे स्पष्ट सांगा. आणि सरावानंतर सगळ्यांना एकत्र बसवून चहा द्या, बोलू द्या.

सगळ्यात आधीचा नियम म्हणजे स्वतःचा जीव. रेल्वेच्या अपघातात दोन्ही रुळांवरची वाहतूक थांबल्याचं कळल्याशिवाय रुळांवर पाऊल नाही. केमिकलच्या ठिकाणी वारा जिकडून येतो त्या बाजूला राहायचं आणि आत जाणं अग्निशमनवाल्यांवर सोडायचं. बाहेर आलेल्यांचे कपडे काढून भरपूर पाण्याने धुवायचं. पुराच्या पाण्यात, गुडघाभर का असेना, एकटीने उतरायचं नाही.

८. फोनवर काय बोलायचं

घाबरलेल्या आवाजात "लवकर या, खूप लागलंय" एवढाच निरोप गेला तर समोरच्याला काही कळत नाही. पाच वाक्यं पाठ करून घ्या: मी कोण, कुठून बोलते; काय झालं; नेमकं ठिकाण, कोणत्या गावाजवळ, कोणत्या फाट्यावर; किती माणसं, त्यात लाल किती; कोणता रस्ता चालू आहे आणि कोणता बंद. शेवटचं वाक्य सगळे विसरतात. त्यामुळे गाडी बंद फरशी पुलापर्यंत येते आणि परत फिरते.

नंबर: ॲम्ब्युलन्स १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, पोलीस आणि इतर तातडी ११२. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आपल्या धुळ्यातच आहे. तिला बोलावण्याचं काम नियंत्रण कक्ष करतो, सिस्टरने १०७७ ला नीट माहिती दिली की पुरे. जोडीने बसवून एकीने कक्ष आणि एकीने सिस्टर होऊन फोनचा सराव करा. कक्ष झालेलीने मुद्दाम मधेच तोडून प्रश्न विचारायचे.

९. सिस्टरच्या घराचं काय

हे सत्र बहुतेक प्रशिक्षणांत नसतंच. तिचंही घर त्याच नदीकाठी असतं, तिलाही म्हातारे सासू-सासरे, शाळेतली पोरं असतात. रात्री दोनला पाणी आलं तर ती आधी कुठे जाईल? हा प्रश्न तिला विचारा आणि उत्तर लिहून घ्या. मुलांना कोणाकडे सोडायचं, कोणत्या शेजारणीशी बोलून ठेवायचं, हे आधी ठरलेलं असलं की ती त्या रात्री कामावर मन लावू शकते.

लोकांशी कसं बोलायचं तेही इथेच. घर वाहून गेलेल्या बाईला "देवाची मर्जी", "जीव वाचला ना, मग झालं" असं म्हणू नका. जवळ बसा, "माय, काय व्हयनं?" (काय झालं?) म्हणून विचारा आणि ऐका. पाणी द्या, तिची माणसं शोधायला मदत करा. चार-पाच आठवड्यांनीही झोप नाही, जेवण नाही, जीव द्यायच्या गोष्टी बोलते, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि सिस्टरने तो स्वतःसाठीही वापरावा. दुसऱ्या तालुक्यातून बदली सिस्टर मागवून दर तीन दिवसांनी निदान एक रात्र घरी जायला मिळावं, अशी मागणी तुम्ही तालुका पातळीवर आधीच लेखी देऊन ठेवा.

१०. प्रशिक्षणानंतरचे तीन महिने

प्रमाणपत्र वाटून गट पांगला की काम संपलं असं धरू नका. महिन्याभरात प्रत्येक उपकेंद्राला एकदा जा. तिथे तीन गोष्टी बघा. यादी ताजी आहे का, म्हणजे मागच्या महिन्यात नोंदलेल्या गरोदर बायका तिच्यात आल्या का. गावातल्या निवाऱ्याच्या शाळेची किल्ली कोणाकडे आहे, आणि तो माणूस रात्री गावात झोपतो का. आणि पिशवी: ती तुमच्यासमोर उघडायला लावा.

पिशवीत निदान हे हवं: हातमोजे, कापूस-बँडेज, ओआरएस, झिंक, थर्मामीटर, बीपीचं यंत्र, स्वच्छ प्रसूतीचं किट, चार रंगांच्या पट्ट्या, टॉर्च आणि सुटे सेल, क्लोरीनच्या बाटल्या, शिट्टी, रेनकोट, पेन, ती एक पानाची यादी. सेल टॉर्चमध्ये घालून ठेवले की गळून टॉर्च खराब होतो, म्हणून वेगळे ठेवायला सांगा. प्रत्येक औषधाची मुदत पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहून घ्या, सर्वांत जवळची तारीख सर्वांत वर.

मासिक सभेत दहा मिनिटं मागून घ्या. दरवेळी एकीने आपल्या गावाचा एकच प्रसंग सांगायचा, काय केलं आणि काय राहिलं. जूनच्या सभेत मात्र एकच विषय: पाण्यापलीकडच्या बायका कोण, आणि त्यांना कोणत्या तारखेला अलीकडे आणायचं. प्रत्येकीसमोर तारीख लिहून, सही घेऊनच सभा उठवा.